एकही मत न मिळवता मुंबईचा पुढारी झालेला सावकार

मुंबई सेंट्रल स्थानकाला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव द्यावं, असा ठराव जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात मंजूर झाला. तेव्हा नानांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. रेल्वे आणली, कॉलेज काढलं, मुलींची शाळा चालवली, आधुनिक मुंबईचे शिल्पकार वगैरे. हे सगळं खरं आहे, पण शिल्पकार म्हणून एकदा हार घातला की खरा प्रश्न तिथेच झाकला जातो. नाना एकही निवडणूक लढले नाहीत. ते १८६५ साली वारले तोवर मुंबईत निवडणूक नावाचा प्रकारच नव्हता. पक्ष नव्हते, मतदार नव्हते, जाहीरनामा नव्हता. मग गिरगावातला एक सावकार जवळजवळ चाळीस वर्षं शहराच्या प्रत्येक मोठ्या कामात पुढे कसा? त्याचं ऐकलं का जायचं, आणि कुठवर?

आधी तेव्हाची सत्ता कशी होती ते पाहू. १८५८ पर्यंत मुंबई इलाख्यावर राज्य होतं ईस्ट इंडिया कंपनीचं. वर लंडनमध्ये कंपनीचे डायरेक्टर, त्यांच्यावर नजर ठेवणारं सरकारी बोर्ड, आणि इथे गव्हर्नर व त्याचं लहानसं मंडळ. सगळे युरोपियन. रयतेला विचारायची कायद्यात कुठे सोयच नव्हती. पण चार-सहा वर्षांसाठी आलेल्या गव्हर्नरला शहर चालवायचं तर इथली माहिती लागायची, धर्मशाळा-इस्पितळं-शाळांसाठी पैसा लागायचा, आणि नवा कर किंवा नवा नियम आला की लोक बिथरणार तर नाहीत, हे सांगणारं कुणीतरी लागायचं. हे तिन्ही एकाच ठिकाणी मिळायचं ते व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर. म्हणून मुंबईचं पहिलं राजकारण शेटियांच्या दिवाणखान्यात सुरू झालं. कलकत्त्यात जमीनदार पुढे होते. इथे जमीनदार असे नव्हतेच. इथे कापूस होता, अफू होती, जहाजं होती. चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापाराचा वाटा या शहराच्या दानशूरपणात किती मोठा आहे, हे कोनशिला वाचताना आपण विसरतो. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीही बरीचशी त्याच चीनच्या व्यापारातली.

नानांची गोष्ट जराशी वेगळी. घराणं मुरबाडचं, दैवज्ञ, आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकात ते मुंबईला आलं. नानांचा जन्म १८०३ चा. वडील शंकरशेट यांनी सावकारीत आणि जागाजमिनींत मोठी इस्टेट उभी केली होती. ते १८२२ मध्ये गेले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे. म्हणजे व्यवसाय शून्यातून उभा करणारा हा माणूस नव्हे, आलेला व्यवसाय सांभाळून त्याचा दबदबा वाढवणारा. अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड, जडजवाहीर बँकेपेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करत, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. पुढच्या सगळ्याची किल्ली मला यातच दिसते. ज्याच्याकडे परका माणूस पावतीवाचून पैसा ठेवतो, त्याची सही सरकारी कागदावरही वजनदार ठरते.

वडील गेले त्याच वर्षी मुंबईत शालेय पुस्तकं तयार करण्यासाठी एक मंडळी जमली. तिचीच पुढे बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी झाली. नाना तरुणपणीच तिच्यात शिरले. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन परत निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी निघाली आणि दोन लाख रुपयांहून जास्त रक्कम जमली. पुतळा उभारून मोकळं होणं सोपं होतं. ठरलं मात्र असं, की या पैशातून अध्यापक नेमायचे. एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ ते. आपली वर्गणी सरकारी खजिन्यात जाऊ न देता शिक्षणाला बांधून घेणं, हा त्या काळातला राजकीय डावच होता. पैसा ज्याचा, त्याला त्या संस्थेच्या समितीत बसायचा हक्क आपोआप मिळायचा. नानांच्या जवळजवळ सगळ्या पदांची सुरुवात अशी वर्गणीच्या यादीपासून झाली. १८३० च्या दशकात हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, लोकांना जस्टिस ऑफ द पीस नेमायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या काही नावांत नाना होते. हा निव्वळ मानाचा बिल्ला नव्हता. शहराची सफाई, रस्ते, घरपट्टी हा कारभार बराचसा या जस्टिसांच्या हाती असायचा.

समितीत बसायला मिळालं म्हणजे ऐकलं जाईलच असं नव्हे. याचं सर्वांत बोलकं उदाहरण १८४७ चं. इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होता. त्यात सरकारने नेमलेले युरोपियन आणि सोसायटीने पाठवलेले तीन हिंदी सभासद. अध्यक्ष होते न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी. त्यांचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, मर्यादित पैसा थोड्या हुशार मुलांवर खर्च करावा, ज्ञान मग त्यांच्याकडून खाली झिरपेल. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे विरोधात उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, आणि तिघांचं म्हणणं एकच: सामान्य माणसापर्यंत उपयोगी विद्या पोचवायची तर ती मराठी-गुजरातीतूनच पोचेल. कर्नल जर्व्हिस हा इंग्रज अधिकारीही त्यांच्या बाजूचा. नानांनी इंग्रजीचा द्वेष केला नाही, ती शिकावी असंच त्यांचं मत होतं. भूगोल किंवा वैद्यक समजण्यासाठी आधी परकी भाषा घोटत बसावं लागू नये, एवढाच आग्रह.

निकाल काय लागला? सरकारने दोघांच्याही पाठीवर हात फिरवणारं मोघम उत्तर दिलं, आणि पुढच्या काही वर्षांत वरच्या वर्गांतून इंग्रजीच पक्की बसली. पेरी हरले नाहीत. पण या वादात लिहिल्या गेलेल्या टिपणांमध्ये काय झालं ते पाहा. सोसायटीने पाठवलेले तीन सभासद हायकोर्टाच्या तोलाच्या न्यायाधीशाला लेखी, मुद्देसूद विरोध करत होते. माध्यमाचा वाद आजही मुंबईच्या प्रत्येक घरात मुलाच्या बालवाडी प्रवेशाच्या वेळी होतो. फरक इतकाच की आज श्रीमंत बाजू बहुतेक वेळा पेरींच्या मताची असते.

मुलींच्या शाळांच्या बाबतीत नाना अधिक थेट वागले. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा मराठी शाळेला त्यांनी जागा दिली आणि पैसाही. इथे सरकारची परवानगी लागत नव्हती. लागत होती ती जातभाईंची नाराजी सोसायची तयारी. सावकाराच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर दगड मारायला येणारा दोनदा विचार करतो, हेही खरं.

आता रेल्वे. नानांनी रेल्वे आणली हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते जरा सोडवून पाहायला हवं. १८४५ च्या सुमारास मुंबईच्या युरोपियन आणि हिंदी व्यापाऱ्यांनी रेल्वेसाठी हालचाल सुरू केली. त्यात जमशेटजी आणि नाना पुढे होते. पण एवढ्याने रूळ पडले नसते. खरा जोर मँचेस्टरचा. १८४६ मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक बसलं आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना कळून चुकलं की एकाच देशावर विसंबून चालणार नाही. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येईपर्यंत धुळीने माखायचा, पावसात भिजायचा. तो लवकर आणि स्वच्छ बंदरावर यायला हवा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये कायद्याने उभी राहिली, आणि तिच्या संचालकांत जमशेटजी आणि नाना ही दोनच हिंदी नावं होती.

या कंपनीचा पैसा कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासारखं आहे. शेअर बहुतेक इंग्लंडमध्ये विकले गेले. हिंदुस्थानातल्या जंगलात आगगाडी चालेल यावर लंडनच्या गुंतवणूकदाराचा विश्वास कसा बसणार? म्हणून सरकारने हमी दिली: भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याज मिळणारच. जमीनही फुकट. समजा कंपनीने १०० पौंड गुंतवले आणि वर्षाला ३ पौंड कमावले, तर उरलेले २ पौंड सरकार भरणार. सरकार म्हणजे कोण? इथला शेतसारा, इथला मिठावरचा कर. नफा झाला तर भागधारकाचा, तूट आली तर रयतेच्या डोक्यावर. शिवाय व्याज हमखास मिळणार असल्यामुळे खर्च आटोक्यात ठेवायची कंपनीला फारशी गरजच उरली नाही. पुढे दादाभाई नौरोजींच्या पिढीने देशाचा पैसा बाहेर कसा वाहतो हे मांडलं, त्या हिशोबात रेल्वेचं हे व्याज ठळक होतं.

नाना या व्यवस्थेच्या आतले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ मैलांचा प्रवास. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण नानांचं हित आणि रयतेचं हित इथे एकच होतं असं म्हणणं मला जमत नाही. शहरात घरं-जमिनी असलेल्या माणसाला रेल्वेमुळे वाढणारी मुंबई हवीच होती. त्याच वेळी आगगाडीला भूत समजणाऱ्या लोकांना तिच्यात बसायचा धीर यावा, म्हणून आपलं नाव पुढे करणारा देशी माणूस कंपनीला लागत होता. दोघांची गरज जुळली.

नानांचं राजकारण एका सभेत पाहायचं असेल तर ती २६ ऑगस्ट १८५२ ची. त्या दिवशी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. निमित्त होतं कंपनीच्या सनदेचं. हिंदुस्थानावर राज्य करायचा परवाना ब्रिटिश पार्लमेंट कंपनीला दर वीस वर्षांनी देई. १८१३ ला दिला, १८३३ ला दिला, आता १८५३ ला पुन्हा मुदत संपत होती. वीस वर्षांतून एकदाच उघडणारी ही खिडकी. ती उघडी असताना आपलं म्हणणं आत टाकलं नाही, तर पुढचा मोका १८७३ चा.

जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष, नाना अध्यक्ष, चिटणीस डॉ. भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. सभेला २६ वर्षांचे दादाभाई नौरोजीही होते. म्हणजे एका बाजूला शेटिये, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच वर्गणीतून निघालेल्या कॉलेजात शिकून तयार झालेले तरुण. मजकूर तरुणांचा, वजन शेटियांचं. पार्लमेंटला जो अर्ज गेला त्यात कारभार दोन ठिकाणी विभागल्यामुळे जबाबदारी कुणाचीच राहत नाही, अशी तक्रार होती. कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणसं हवीत, वरच्या नोकऱ्या आम्हालाही खुल्या हव्यात, या मागण्या होत्या. भाषा अदबीचीच. तरीही काही श्रीमंत सभासद बिचकले आणि बाहेर पडले. सरकारदरबारी मर्जी गेली तर कंत्राटं, किताब, पोरांच्या नेमणुका, सगळंच अडचणीत. इंग्रजी वर्तमानपत्रातूनही टीका झाली. नाना मात्र जागचे हलले नाहीत. अनेक समित्यांवर असणाऱ्या माणसाला गमवायचं जास्त असतं, हे लक्षात घेतलं तर याची किंमत कळते.

हाती काय लागलं? १८५३ च्या कायद्याने मुलकी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा आणली, कागदावर सर्वांना खुली. परीक्षा लंडनला. समुद्र ओलांडायचा, खर्च करायचा आणि इंग्लिश मुलांबरोबर ग्रीक-लॅटिनचे पेपर द्यायचे. ती पास होणारा पहिला हिंदी माणूस, सत्येंद्रनाथ टागोर, निघायला १८६३ साल लागलं. कायदेमंडळात एकही हिंदी जागा मिळाली नाही. अर्जाचं राजकारण असंच असतं: दार ठोठावता येतं, पण कडी आतून.

१८५७ च्या उठावात तर त्या दारापाशीच संशयाने पाहिलं गेलं. उत्तरेत आग भडकली आणि मुंबईच्या पोलिसांना नानांवरही शंका आली. चौकशी झाली, काही निघालं नाही. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे आधीच्या एल्फिन्स्टनचे पुतणे. (प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव होतं ते या पुतण्याचं, कॉलेज काकाच्या नावाचं. मुंबईकरांचा हा घोळ कायमचा.) तीस वर्षं सरकारबरोबर काम केलेल्या, नुकत्याच स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा फेलो नेमलेल्या माणसावर एका उन्हाळ्यात संशय येऊ शकतो, यातून त्या जवळिकीची मर्यादा दिसते.

मग १८६१ चा इंडियन कौन्सिल्स अॅक्ट आला. मुंबईला स्वतःचं कायदेमंडळ मिळालं, त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली आणि नेमलेल्या हिंदी सभासदांत नाना होते. दहा वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट मिळाली खरी. पण सभासदाला प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हतं. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचं, इतकंच. प्रश्न विचारायचा हक्क यायला १८९२ उजाडलं.

नाना सगळ्याच बाबतींत काळाच्या पुढे होते असंही नाही, आणि तसं दाखवायची गरज नाही. सतीबंदीला त्यांचा पाठिंबा, मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा, पण देवधर्म, जातीचा मान, जुन्या रूढी यांच्यात ते घट्ट बसलेले. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारने घाट घातला, तेव्हा त्यांनी विरोध केला. आरोग्याच्या दृष्टीने सरकारचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण गिरगाव-भुलेश्वरच्या गरीब माणसाने खांद्यावर तिरडी घेऊन शिवडीपर्यंत चालत जायचं, हे कुणा अधिकाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं. सोनापूर जागेवर राहिलं. शिक्षण बोर्डात जे साधलं नाही ते इथे साधलं, कारण मागे टिपणं नव्हती, सगळी वस्ती होती.

शेवटच्या वर्षांत शहरच बदललं. पहिली सूतगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली होती. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवायला जागा उरली नाही. समुद्र बुजवायच्या कंपन्या, बँका, नुसत्या कागदावरच्या कंपन्या, सगळ्यांचे शेअर वर चढत गेले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशोब चुकते करायची वेळ आली तेव्हा बडी बडी घराणी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर महिन्याभरात, ३१ जुलैला, नाना वारले. शेटियांच्या शब्दावर चालणारी मुंबई त्याच महिन्यात हादरली होती. ज्यांची सही हुंडीवर चालेना, त्यांची अर्जावर कशी चालणार?

पुढची पायरी १८७२ ची. त्या वर्षीच्या कायद्याने महापालिकेतले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मत अर्थातच घरपट्टी भरणाऱ्याला. शेट पुन्हा आले, पण आता त्यांना वॉर्डात जाऊन मत मागावं लागत होतं, आणि त्यांच्या शेजारी वकील, डॉक्टर, संपादक बसू लागले. गिरण्यांच्या व्यवहारात मुरलेले दिनशा वाच्छा महापालिकेतून काँग्रेसमध्ये गेले आणि १९०१ मध्ये कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. व्यवसायातून राजकारणात आलेला माणूस हाही, पण त्याच्या मागे आता संघटना होती, आकडेवारी होती, देशभराचं व्यासपीठ होतं.

अर्ज हे हत्यारही शेटियांच्या दिवाणखान्यातून खाली उतरलं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखम झाली तर भरपाई, अशा साध्या मागण्या. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नावावर या शहरात वीतभरही जमीन नव्हती. निवेदन ज्यांच्याविरुद्ध होतं ते गिरणीमालक महापालिकेतही होते आणि कायदेमंडळातही. रविवारची सुट्टी त्यांनी कबूल केली ती जून १८९० मध्ये, मधे सहा वर्षं आणि आणखी सभा गेल्यावर.